पान उलटायचं राहिलं

मित्रांनो, जरा हळू हाताळा. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि माझी पाठ आता धरत नाही.

माझी सगळी नोकरी पोस्टात झाली. तारा इंग्रजीत यायच्या आणि लोकांना इंग्रजी येत नसे, म्हणून पोस्टमास्तर मला दिवसातून दहादा उघडत. "हा आहे म्हणून माझी अब्रू आहे," असं ते म्हणत, तेव्हा मी फुगायचो. नंतर ओलीनेही फुगलो, ते वेगळं.

एक गोष्ट मात्र अजून टोचते.

जवळच्या गल्लीतल्या शिंप्याने नवं दुकान थाटलं होतं. ते बघायला गावाहून त्याची आई आणि दोघे धाकटे भाऊ येणार होते. त्यांच्याआधी तार आली. शिंपी धावतच आला. "मास्तर, काय लिहिलंय बघा हो!"

मास्तरांनी वाचलं, "फीव्हर ॲट होम. ओन्ली मदर लेफ्ट." घरात ताप आहे, एवढं त्यांना कळलं. पुढे ते अडले. "लेफ्ट म्हणजे डावा. पण आई डावी कशी?"

त्यांनी मला उघडलं. पहिला अर्थ डावा. त्याखाली, पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत, उरलेला, मागे राहिलेला. मास्तरांचा चेहरा उतरला. चष्मा काढून ते म्हणाले, "बाबा रे, धीर धर. फक्त आई उरली आहे."

शिंप्याने तार ओढून घेतली. "दोघेही गेले?" दुकानाला कसंबसं कुलूप लावून तो दुपारच्या गाडीने गावी निघाला.

तिसरा अर्थ पानाच्या मागच्या बाजूला होता. निघाला, रवाना झाला. पण मी सांगणार कसा? आम्हाला तोंड नसतं. पानं असतात, तीही दुसऱ्याने उलटायची.

संध्याकाळी एक म्हातारी बोचकं घेऊन खिडकीशी आली. "अहो मास्तर, माझ्या शिंपी लेकाच्या दुकानाला कुलूप का? धाकट्यांना ताप आला, म्हणून मी एकटीच निघाले. तशी तार केली होती की!"

मास्तरांनी माझं पान उलटलं आणि मान खाली घातली. "आई, चूक माझी आहे."

त्यांनी लगेच गावी तार केली आणि म्हातारीला घरी नेलं. मास्तरांच्या बायकोने गरम जेवण वाढलं, पण तिने ताट बाजूला सारलं. "माझं लेकरू वाटभर रडत गेलं असेल हो," एवढंच ती म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी शिंपी परतला. भाऊ तापातून उठले होते. मास्तरांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, भाऊ जिवंत दिसले तेव्हाच तुमच्यावरचा राग गेला. पण गाडीतले ते सात तास मला कोण परत देणार?"

याचं उत्तर माझ्या हजार पानांतही सापडत नाही.

मित्रांनो, आता मी दमलो आहे. एवढंच मागतो, कुणाला मोठी बातमी सांगायच्या आधी शेवटच्या अर्थापर्यंत वाचत जा. आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. माझे कोपरे फार झिजले आहेत.