पाठीवरचे पट्टे

डॉक्टरीणबाईंनी कोंबडीचं पोट दोन बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "आजोबा, कुठली जात म्हणून घेतली होती?"

"गावठी," मी म्हणालो.

"ही वर्षाला तीनशे अंडी देणारी जात. हाडांतला चुना ओढून कवच करते, दोन-अडीच वर्षांत आतून संपते. अंडी बाहेर न येता पोटातच फुटलीत. पाण्याची पिशवी झालीय नुसती. पाणी काढीन, पण आठवड्यात पुन्हा भरेल."

"खाण्यात काही चुकलं असेल का?"

"छे! उलट फार निगुतीनं सांभाळलीय. पाय बघा, पिसं बघा."

मी बघितले. मग त्यांनी हिला कायमचं झोपवायचं का ते विचारलं आणि मी मान हलवली. इंजेक्शनला वेळ लागला नाही. काही वाटेल म्हणून मी थांबून राहिलो. काही वाटलं नाही.

सहा जणींतली ही शेवटची. बायको हिला हेडबाई म्हणायची, कारण ही बाकीच्यांना ओळीनं दाण्यावर सोडायची. पाचवी गेली तेव्हा बायको म्हणाली होती, "हीसुद्धा गेली तर मी लेकीच्या बाळंतपणाला जायची नाही. तान्ह्या जिवाला माझे हात नकोत." माझी आई तिला जन्मभर ऐकवायची की सूनबाईच्या हाताला गुण नाही, लावलेलं रोप जळतं.

पिल्लं मी आणली होती. बायकोला सावकाश अंडी देणाऱ्या, आठ-दहा वर्षं सोबत करणाऱ्या कोंबड्या हव्या होत्या. ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे मला विचारण्यापेक्षा वाचणं सोपं जातं. कोंबड्यांवरचं पुस्तक बगलेत मारून बाजारात गेलो. गावठी पिल्लाच्या पाठीवर पट्टे असावेत, असं त्यात होतं. चित्र काळंपांढरं. पेटीतल्या तांबूस पिल्लांच्या पाठीवर पट्टे होते. विकणाऱ्याला एकदा विचारावं असं वाटलं, पण मागे माणसं खोळंबली होती. सहा उचलली. डोळ्यामागून मानेकडे जाणारी काळी रेघही हवी, नाहीतर जात वेगळी, भराभर अंडी देऊन लवकर संपणारी, हे पुढच्या पानावर होतं.

ते पान मी उलटलं पाचव्या महिन्यात, पहिलं अंडं आलं तेव्हा. पुस्तकाच्या हिशेबानं ते फार लवकर होतं. मग रोज सहाच्या सहा अंडी येऊ लागली. बायको टोपली घेऊन शेजारी वाटत सुटली. "बघा, आला की नाही हाताला गुण? सासूबाई असत्या तर नाकासमोर धरली असती!" मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. मग कोंबड्या जाऊ लागल्या. दर वेळी ती काहीतरी बदलायची, कधी पाणी, कधी खालचा भुसा. शिंपल्यांचा चुरा तर पिठासारखा कुटायची. मी बघत बसायचो.

घरी आलो. बायकोनं माझ्या हातातलं खोकं पाहिलं.

"गेली?"

"हो."

ती आत जाऊन फोन घेऊन आली. "लेकीला सांगते, बाई ठेव म्हणून."

"थांब. तुझा हात नाही त्यात. पिल्लं मी चुकीची ओळखली. ती जातच तशी आहे, अंडी देऊन देऊन संपते."

"समजूत काढू नका माझी."

"खरंच. पुस्तकातलं पुढचं पान मी वाचलं नव्हतं."

"कधी वाचलंत?"

"पहिल्या अंड्याला."

ती खुर्चीत बसली. "म्हणजे मी टोपली मिरवत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. आणि एकेक पुरताना मी माफी मागत होते तेव्हाही."

"हो."

"पुस्तकी किड्याशी लग्न केलं, आणखी काय होणार!" ती हसली नाही. फोन माझ्यापुढे धरला. "डॉक्टरणीला लावा. तुमच्या तोंडून नको मला."

मी लावून दिला. ती कानाशी धरून बराच वेळ ऐकत राहिली.

"हो, मीच घालत होते... नाही, चुरा रोज, संध्याकाळी... बरोबर होतं?" मग मला हातानंच बाहेर जा म्हणाली आणि फोनमध्ये पुन्हा विचारलं, "बाई, नक्की बरोबर होतं ना?"