दुधिया तलावाचा नेम

"ताप? कधीपासून?" लीलाकाकूंनी डब्याचं झाकण हातात तसंच धरून विचारलं.

"काल रात्रीपासून," रसिका म्हणाली. "फार नाही, कणकण आहे. पण वर गडावर वारं असतं, म्हटलं नको."

"बरं केलंस बाई. या वयात कणकणसुद्धा वाईट. पण गोविंदराव नाहीत म्हणजे दुधिया तलावावर आल्यासारखं वाटत नाही हो."

रसिकानं मान डोलावली आणि कागदी बश्या मोजायला घेतल्या. मोजण्याची काही गरज नव्हती. पण खोटं बोललं की हातांना काम लागतं.

बडोद्याच्या त्यांच्या मंडळाची पावागडची सहल दर मार्गशीर्षात निघायची. सकाळी बस, मग रोपवे, मग या तलावाच्या काठी सतरंज्या, आणि पोटपूजा झाली की गोविंदरावांचं भाषण. गोविंदराव म्हणजे रसिकाचे सासरे. सगळा जन्म गोरव्याच्या कारखान्यात लेथवर गेला. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून गळा असा तयार झालेला, की घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या देवश्रीला ऐकू जावं. कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पावागडचा इतिहास विचारा. पताई रावळ कसा होता, महमूद बेगड्यानं वेढा किती महिने घातला, पुढे गड शिंद्यांकडे कसा आला, सगळं तोंडपाठ. पूर्वी लोक कान देऊन ऐकायचे. सून म्हणून आली त्या वर्षी रसिकासुद्धा तोंडाचा आ करून ऐकत बसली होती.

पण गेल्या वर्षी गाडी रुळावरून घसरली. वेढा एकदा सांगून झाला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. रोपवेची रांग वाढत चालली, बसवाला खालून फोन करत होता, आणि मागे बसलेली कॉलेजची पोरं बाबांची नक्कल करत होती. हात वर करून, मान हलवून, हुबेहूब. सगळे हसत होते. बाबांना वाटलं, गोष्ट रंगली. ते आणखी जोरात बोलायला लागले. रसिकाला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

म्हणून या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरीचा, विहंगचा, फोन आला तेव्हा तिनं फारसं ताणलं नाही.

"वहिनी, रागावू नका ने," विहंग त्याच्या बडोदी मराठीत म्हणाला होता. "काका आम्हाला वडिलांसारखे. पण या वेळी घरी राहिले तर... समजून घ्या ने तुम्ही."

समजून घेतलं तिनं. चटकन घेतलं. आणि खरं सांगायचं तर विहंगचं निमित्त झालं, इच्छा तिची स्वतःची होती. एक दिवस, फक्त एक दिवस बाबांची कानटोपी, त्यांचं जिन्यावर थांबणं आणि लोकांच्या त्या नजरा नकोत, असं तिला वाटत होतं. सलील, तिचा नवरा, कंपनीच्या कामाला दहेजला. विचारणारं कोणी नाही. तिनं बाबांना सांगून टाकलं, "बाबा, सहल रद्द झाली. नावंच आली नाहीत पुरेशी. आणि मला रविवारी शाळेचं काम आहे, मतदारयादीचं."

"रविवारीसुद्धा?" बाबा म्हणाले होते. "शिक्षकांना काय गाढव समजतात की काय हे लोक!"

आणि आज पहाटे ती उठायच्या आत त्यांनी तिच्यासाठी चहा टाकला होता. उन्हातान्हात घरोघर फिरणार बिचारी, म्हणून. तो चहा घशाखाली उतरवताना रसिकाला कसंसंच झालं, पण ती निघाली.

तास-दोन तास बरे गेले. भेंड्या झाल्या, ठेपले झाले, पाण्याकाठी फोटो झाले. रसिका मनापासून हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण दर वर्षी इथे येतो पण हसत नाही. त्या विचारानं थोडं बरं वाटलं. आपल्यालाही जीव आहे की!

तेवढ्यात लीलाकाकूंनी वेगळा डबा पुढे केला. "हा गोविंदरावांसाठी ने. गुळाच्या पोळ्या आहेत. त्यांच्यासाठीच केल्या मी, त्यांना आवडतात. ताप उतरला की दे."

रसिकानं डबा घेतला. तो मांडीवर धरून तिला बसवेना. फोन करून नुसता आवाज ऐकावा म्हणून ती बाजूला गेली. बाबांचा फोन वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. मग तिनं देवश्रीला लावला.

"अगं, तुमच्या दाराला कुलूप आहे," देवश्री म्हणाली. "तू गेलीस आणि मागोमाग काका निघाले. पिशवी होती हातात, कानटोपी घातलेली. मी विचारलं ने, कुठे काका? तर म्हणाले, येतो संध्याकाळपर्यंत."

रसिकानं फोन बंद केला. मागच्याच महिन्यात ते भाजी घ्यायला गेले होते आणि परतीची गल्ली चुकून दुसऱ्याच सोसायटीच्या पायरीवर बसून राहिले होते. आता कुठे शोधायचं? सलीलला काय तोंडानं सांगायचं, मी सहलीला आले होते आणि तुझे वडील हरवले? आणि इथे या माणसांना काय सांगायचं? ताप आलेला म्हातारा कुलूप लावून कसा गेला? आई महाकाली, तिनं मनात म्हटलं, त्यांना सुखरूप ठेव, मी परत असं करणार नाही. विहंगला सांगून एकटीनंच खाली उतरावं म्हणून ती वळली.

आणि तिला आवाज आला.

तलावाच्या वळणापलीकडून, पायऱ्यांकडून. तो आवाज दुसऱ्या कोणाचा असणं शक्यच नव्हतं.

"वीस महिना! वीस महिना बेगडो नीचे बेठो, ने ऊपर पताई रावळ!"

रसिका जवळजवळ धावतच गेली. पायरीवर बाबा बसले होते, हात वर केलेला, कानटोपी मागे सरकलेली. समोर एक गुजराती जोडपं आणि त्यांची म्हातारी आई, तिघंही हातातले शेंगदाणे विसरून ऐकत होती.

"दादा, तमे एकला आव्या?" म्हातारीनं मधेच विचारलं. "आटली उंमरे?"

"मंडळनी ट्रिप केन्सल थई गई, बेन," बाबा म्हणाले. "माणसो ना मळ्या. पण ट्रिप केन्सल थाय, नेम थोडो केन्सल थाय? दर वरसे हुं अहीं आवुं, वात कहुं, ने जाउं."

नेम. दर वर्षी इथे यायचं, ही गोष्ट सांगायची आणि जायचं. इतकी वर्षं एका घरात राहून तिला वाटलं होतं, बाबांना सहल आवडते, भाषण करायला आवडतं. हा त्यांचा नेम आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बस बदलून, जीप बदलून, त्या गुडघ्यांनी हा माणूस एकटा वर आला होता. तिला रडू फुटणार तोच बाबांनी मान वळवली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावरची नवी साडी, गळ्यातला मंडळाचा बिल्ला, हातातला डबा. मग त्यांची नजर तिच्या मागे गेली, कारण आवाज ऐकून लीलाकाकू, विहंग आणि दोघंतिघं तिथे पोचले होते.

"अहो गोविंदराव!" लीलाकाकू ओरडल्या. "तुम्ही इथे? तुम्हाला ताप आलाय ना?"

बाबांचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. ते म्हातारे झाले होते, गल्ली चुकत होते, पण इतकं समजायला त्यांना वेळ लागला नाही. गुजराती म्हातारी काहीतरी बोलायला गेली, तिनं रसिकाचा चेहरा पाहिला आणि ती हातातल्या शेंगदाण्यांकडे वळली.

"होता ना," बाबा म्हणाले. "सकाळी उतरला. रसिका नकोच म्हणत होती. मीच हट्टानं आलो मागून. तिला काही बोलू नका."

"कमाल आहे तुमची! एक फोन नाही करायचा?" लीलाकाकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. चढून आल्यानं आणि उन्हानं ते गरमच होतं. "उतरला कसला? अजून आहे! चला, आधी सावलीत चला."

"पछी शुं थयुं, दादा?" त्या जोडप्यातल्या माणसानं गोष्टीचं पुढचं विचारलं.

"पछी?" बाबा कठड्याला धरून उठले. "पछी गढ पड्यो."

सतरंजीवर त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. लीलाकाकूंनी पर्समधून तापाची गोळी काढली. साधं डोकं दुखलं तरी सुंठ उगाळून लावणारा हा माणूस, त्यानं ती गोळी निमूटपणे गिळली.

विहंग समोर येऊन उभा राहिला. त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. "काका, ते... थोडं सांगता का काही? पाच मिनिटं? पोरं बसतील."

"नको रे," बाबा म्हणाले, इतक्या हळू की विहंगला वाकावं लागलं. "आज अंगात ताप आहे."

परतीच्या बसमध्ये लीलाकाकूंनी आपली लोकरीची शाल त्यांच्या डोक्यावरून घट्ट गुंडाळली आणि स्वतः मागच्या सीटवर बसल्या. रसिका बाबांच्या शेजारी. हालोल गाव मागे पडलं. माफी मागायची तर आजूबाजूला सगळे होते, आणि माफी मागितली असती तर दिवसभर त्यांनी झाकलेलं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यांच्या अंगावर येत होतं. शालीखालून घाम कानशिलावर आला होता, गळ्यात उतरत होता.

"बाबा," ती शेवटी कुजबुजली, "शाल काढा ना. किती घाम आलाय तुम्हाला."

"राहू दे," बाबा म्हणाले. "मागे लीलाबाई बसल्यात."

आणि त्यांनी शालीचं टोक हनुवटीखाली आणखी आवळून घेतलं.