नव्या ओट्याचा विस्तव

"तीन नंबर कुटं गेला?" धोंडप्पानं विचारलं.

"त्यात डाळ हाय. निवडायला घेतलीया," दाक्षायणी म्हणाली.

"निवड की. पर नंबर जाग्यावर ठेव."

धोंडप्पा मिलमध्ये फिटर होता, आणि स्वयंपाकघर रिकामं करणं म्हणजे त्याच्या लेखी अख्ख्या खात्याचं ओव्हरहॉल होतं. मशीन खोलताना प्रत्येक भागावर खडूनं नंबर टाकला की जोडताना घोटाळा होत नाही. हा नियम त्यानं घरातल्या उतरंडीला लावला. पीठ एक, मीठ दोन, डाळ तीन, तिखट चार, पापडखार पाच. लोणच्याच्या बरणीला नंबर मिळाला, फुकणीला मिळाला, भिंतीला टेकून ठेवलेल्या काठवटीलाही मिळाला. घरातल्या दोन्ही बायकांना आकडे वाचता येत नव्हते, ही अडचण त्याच्या ध्यानात आली नव्हती. मशीनलाही आकडे वाचता येत नाहीत, आणि मिल व्यवस्थित चालते.

झालं होतं असं, की दिवाळीच्या आगेमागे मिलच्या मॅनेजरच्या बंगल्यावर पंप बिघडला आणि दुरुस्तीला धोंडप्पा गेला. पंपाकडे जायची वाट स्वयंपाकघरातून होती. तिथं त्यानं एक माणूस उभा राहून स्वयंपाक करताना पाहिला. कमरेएवढा ओटा, ओट्यावर चूल, खाली शहाबादी फरशी, आणि धूर सरळ धुराड्यातून वर. पंप दुरुस्त झाला, पण धोंडप्पा बिघडून घरी आला.

"अव्वा, तुजं गुडघं आता सुटलं," त्यानं आईला सांगितलं. "उभ्यानं सैपाक करशील. राणीवानी."

"राणी सैपाक करती व्हय रं?" मायाक्का म्हणाली.

पण तिची काळजी वेगळीच होती, आणि तिचा गुडघ्यांशी संबंध नव्हता.

मायाक्काला दिसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माणसांचे चेहरे गेले, मग रंग गेले, आणि आता उजेड आणि सावली एवढाच हिशोब उरला होता. मोतीबिंदू काढतात हे तिनं ऐकलं होतं. डोळ्याला सुरी लावतात हेही त्याच वेळी ऐकलं होतं, आणि तिनं विषय मिटवला होता. घरात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, अशी तिची खात्री होती. चुलीपुढं एकदा बसलं, की डोळ्यांचं काम काय? डाव्या हाताला मीठ, त्याच्यामागं तिखट, उजव्या मांडीपाशी काठवट. भाकरी तव्यावर कधी उलटायची हे वास सांगतो, आणि फुगली का नाही हे तिच्या सुस्काऱ्यावरून कळतं. मिठाचं मडकं इतक्या वर्षांत बोटभरही हललं नव्हतं. याचं श्रेय मायाक्का स्वतःच्या शिस्तीला देत असे. सून या घरात आली तेव्हा ठणठण वाजत चालायची. "सून चालली तर भिंतीला कळू न्हाई," असं सांगून सांगून मायाक्कानं तिचे पाय मऊ केले होते. शेणानं सारवलेली जमीनही मदतीला होतीच. आता दाक्षायणी घरात कुठं आहे, हे ती बोलल्याशिवाय कळत नसे. आपण लावलेल्या वळणाचा मायाक्काला अलीकडं थोडा पश्चात्ताप होत असे, पण वळण परत मागता येत नाही.

तरी ओट्याचं भय निराळंच होतं. भय होतं विस्तवाचं.

त्या गल्लीत रीत अशी होती, की जुनी चूल मोडायची असेल तर तिचा विस्तव समोरच्या घरी ठेवायला द्यायचा. नवी चूल झाली, की तो खापरात घालून परत आणायचा, न सांडता, न ठेचकाळता, दारोदारच्या बायकांच्या देखत. ज्या बाईनं आणला तिची चूल. मायाक्का तरुणपणी कुंभारीहून सोलापुरात राहायला आली ती मांडीवर विस्तवाचं गाडगं घेऊन. बैलगाडीच्या धक्क्यात तिचं लुगडं दोन ठिकाणी जळालं, पण विस्तव पोचला. घरात तोच तेवत आलाय असं ती सांगे. मधे तो कितीदा विझला आणि आगपेटीनं पेटवावा लागला, हे सांगायचा प्रसंग कधी आला नव्हता.

आणि गल्लीच्या टोकाची बजाबाई सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती. नवी चूल झाली तेव्हा नेमका तिला ताप आला, आणि विस्तव सुनेनं आणला. ताप आठवड्यात उतरला. पण त्या दिवसापासून 'आज काय करायचं' असं बजाबाईला कुणी विचारलं नाही. ती पायरीवर बसे, आणि हाक आली की जेवायला आत जाई.

म्हणून मायाक्कानं दिवस ढकलायला सुरुवात केली. आधी मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस होऊ दे म्हणाली. येळवस झाली, तर गड्ड्याची जत्रा आली, सिद्धेश्वराच्या लग्नात घर उकरायचं काय? गड्डा झाल्यावर तिला शिवरात्र आठवली.

"शिवरात झाल्यावर पाडवा हाय," धोंडप्पा म्हणाला. "मग आकिती. देवाधर्माला सुट्टीच न्हाई अव्वा, मिलला तरी हाय. सोमवारपास्नं सैपाकाचं खातं बंद."

सोमवारी मायाक्कानं स्वतः विस्तव समोर नागव्वाच्या घरी नेऊन दिला. जाताना काही अडलं नाही. ती गल्ली तिच्या पायांना पाठ होती. परत आली तर कल्लप्पा गवंड्यानं चुलीवर पहार घातली होती. आवाज फार झाला नाही. मातीच ती. मायाक्का दारातच उभी राहिली. या चुलीला शेवटचा हात तिनं संक्रांतीला फिरवला होता, आणि वैलाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा खड्डा होता. तो आता कुठल्या ढेकळात गेला असेल, याचा ती विचार करत राहिली.

"अव्वा, बाजूला हो, धूळ उडतीया," धोंडप्पा म्हणाला.

परसात तीन दगड मांडून तात्पुरती चूल झाली, आणि तिच्याशेजारी धोंडप्पानं सगळी मडकी नंबरवार एका ओळीत लावली. मिलमध्ये कुणी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. दुसऱ्या दिवशी दाक्षायणी नळावर गेली होती, तेवढ्यात आमटीला उकळी फुटली. मायाक्कानं डाव्या हाताला चाचपलं. मडकं सापडलं, चिमूट पडली, आणि आमटी भांड्याच्या बाहेर यायला निघाली.

दुपारी धोंडप्पानं एक घास घेतला आणि थांबला.

"ही आमटी हाय का धुण्याचं पाणी?"

मायाक्काचा हात काठवटीवर तसाच राहिला.

"पापडखार पडला," दाक्षायणी म्हणाली. "मीच घातला. तुमचा दोन आन पाच मला सारकाच दिसतोय."

"वीस वर्सं सैपाक करायलीस आन मीठ वळखंना?"

"वीस वर्सं मडकं एका जागी हुतं. तुमीच त्येला नंबर देऊन शाळंत घातलंय."

धोंडप्पानं उरलेली भाकरी शेंगाच्या चटणीशी खाल्ली आणि भोंग्याच्या आधीच कामाला गेला. मायाक्का बराच वेळ विचार करत बसली. दाक्षायणी तर नळावर होती. मग तिनं घातला कधी? शेवटी, दोघींनीही घातला असणार, असं तिनं ठरवलं. त्याशिवाय इतका फेस येणार नाही.

ओटा चढत गेला तशी नवी कुरबूर सुरू झाली. धोंडप्पाच्या ड्रॉइंगमध्ये मीठ-मसाल्याचं फडताळ उजवीकडं होतं.

"डाव्या अंगाला करा," दाक्षायणी गवंड्याला म्हणाली.

"ड्रॉइंगमधी उजवीकडं हाय," धोंडप्पा म्हणाला.

"ड्रॉइंगला सैपाक करायचा न्हाई. कल्लप्पा, डावीकडं. आन मिठाला पयला कोनाडा, हाताच्या लांबीवर."

कल्लप्पा हा चहा आणून देणाऱ्याचं ऐकणारा माणूस होता. फडताळ डावीकडं झालं. ओसरीवर बसून हे ऐकणाऱ्या मायाक्काला बरं वाटलं. पोरीला लावलेलं वळण वाया गेलं नाही, असं तिच्या मनात आलं.

पुढच्या सोमवारी सकाळी विस्तव आणायचा ठरला. मायाक्का अंघोळ करून, इरकलीचा पदर खोचून नागव्वाच्या दारात गेली, तेव्हा दाक्षायणी तिच्याबरोबरच होती, बोलत बोलत. खापर हातात आलं. खाली राख, वर निखारे. ऊब सरळ तोंडावर आली.

"मायाक्का, सुनंकडं देऊ काय?" नागव्वानं विचारलं. बायका दारादारांत उभ्या होत्या.

"का? माजं हात झडलेत?"

पण तोंड वळवून तिनं अंगठ्यानं पुढची जमीन चाचपली. आठ दिवस गवंडीकाम चाललं होतं, आणि पायांना पाठ असलेली गल्ली ती आता राहिली नव्हती. कुठं वाळू, कुठं दगड. एक ठेच, आणि उद्यापासून बजाबाईच्या शेजारी पायरीवर.

दाक्षायणी तांब्यातलं पाणी शिंपडत पुढं झाली. आणि एरवी घराबाहेर आवाज न चढवणाऱ्या त्या बाईनं भर गल्लीत तोंड सोडलं.

"ह्या कल्लप्पाचा ढीग बघा. हितं, उजव्या हाताला. चार दिस झालं उचल म्हनून सांगायलेय."

मायाक्का डावीकडं सरकली.

"आन गटारीवरचा दगुड कुणी काढला म्हनते मी? मानसानं काय टांग टाकून जायाचं?"

मायाक्कानं टांग टाकली.

"आता ह्यो उंबरा. इतभर वर घेतलाय मेल्यानं. जलमभर ठेचाळा आता."

मायाक्कानं पाय वीतभर उचलला.

"सोन्यासारखा इस्तू घरात यायलाय, आन ही बया शिव्या घालत चाललीया," नागव्वा मागून म्हणाली. आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. सासूची मात्र तारीफ झाली. निखारासुद्धा हलला नाही म्हणाल्या.

आत पाऊल पडलं आणि मायाक्का दचकली. पायाखाली घर नव्हतंच. गार, गुळगुळीत, कशाचाच वास नसलेलं काहीतरी होतं. शहाबादी फरशी. कुठल्या बाजूला वळावं हे पायांना सांगता येईना. तेवढ्यात पुढं बारीक आवाज झाला. चांदीचा. जोडवी वाजली. मग पुन्हा. एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं कुणीतरी चाललं होतं, आणि पाय मुद्दाम दाबून टाकत होतं. मायाक्का त्या आवाजामागं गेली. आवाज एका जागी थांबला, आणि थांबल्याजागी दोनदा वाजला.

तिनं खापर डाव्या हातात धरून उजवा हात पुढं केला. ओट्याची कड लागली.

मायाक्काला कळलं. कधीपासून, हे मात्र तिनं विचारलं नाही.

ओट्यावरच्या नव्या चुलीत विस्तव गेला. फुकणी हाताशीच होती. दोन फुंकरांत जाळ लागला, आणि पहिली भाकरी मायाक्कानंच थापली, उभ्यानं. ती टम्म फुगली आणि तिनं सुस्कारा सोडला. भाकरीनं.

"बग अव्वा," धोंडप्पा म्हणाला. मिलमध्ये नवं इंजिन चालू झाल्यावर त्याचा आवाज असा व्हायचा. "सांगितलं हुतं का न्हाई?"

"चांगला केलास रं बाबा. पर मी काय पलटणीतला शिपाई हाय व्हय, उभ्यानं सैपाक करायला? माजं पाय भरून आलं." तिनं उलथनं बाजूला धरलं. "दाक्षे, घे."

दाक्षायणीनं लगेच घेतलं नाही. धोंडप्पाचं तोंड उतरलं होतं. हा ओटा त्यानं आईसाठी बांधला होता.

"घेते," दाक्षायणी म्हणाली. "पर पीठ तुमीच मळायचं आत्याबाई. माज्या हातचं चिरतंय."

तिच्या हातचं पीठ कधी चिरलं नव्हतं. हे तिघांनाही ठाऊक होतं.

मायाक्का ओट्याच्या पायथ्याशी फरशीवर बसली. काठवट उजव्या मांडीपाशी आली. तिच्यावरचा खडूचा नंबर पुसून गेला होता.

"आन आज काय करायचं?" वरून दाक्षायणीनं विचारलं. जरा मोठ्यानंच, समोरच्या दारापर्यंत जाईल असं.

"पिटलं कर," मायाक्का म्हणाली. "मीठ बेतानं."

त्यानंतर रोज सकाळी भोंगा झाला की हा प्रश्न गल्लीला ऐकू येऊ लागला. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट गल्लीनं ध्यानात घेतली, की फरशी झाल्यापासून दाक्षायणी पाय आपटत चालते. चार पैशांची शहाबादी काय आली, बाईला माज आला, असं बायका नळावर बोलत. तिच्या कानावर ते येतही असे. ती घागर भरून घरी येई, आणि उंबरा ओलांडला की जोडवी वाजू लागत.

एकदा मायाक्का ओट्यापाशी पीठ मळत असताना नागव्वा ताक मागायला आली आणि दारात टेकली. तिला राहवलं नाही.

"मायाक्का, तुज्या सुनंचं पाय लई वाजायलेत गं हल्ली."

"व्हय की," मायाक्का म्हणाली. "किती सांगितलं तरी शिकंना."

आतून आवाज येत होता, एकेक पाऊल. तो ओट्यापाशी आला आणि थांबला. मायाक्कानं भाकरीच्या पिठाचा गोळा हातात घेतला, आणि आवाज थांबला होता त्या बाजूला वर धरला.