आंबेकोंडची बेगमी

सहदेव महाडहून परत आला तेव्हा त्याच्या डोक्याला रक्तानं कडक झालेलं फडकं होतं आणि तो हसत होता.

"प्यालो," तो अंगणातूनच म्हणाला. "ओंजळीनं प्यालो. तळ्याचं पानी हाय, दुसरं काय बी नाय त्यात."

रखमानं आधी नवऱ्याची जखम बघितली, मग चुलीवर पाणी तापत ठेवलं. शिमगा नुकताच सरला होता. अस्पृश्यांना बंद असलेल्या तळ्याचं पाणी प्यालेल्या सभेच्या लोकांना परतताना सवर्णांनी गाठून काठ्यांनी झोडपलं होतं. बंदराकाठच्या नासिरशेठनं घराचं दार उघडून पंधरा जणांना आत घेतलं, म्हणून सहदेव वाचला. आणि येताना तो एक ठरवून आला होता. यापुढं गावची मेलेली ढोरं ओढायची नाहीत, दारोदार शिळं मागायचं नाही, गावकीचे सांगावे घेऊन हिंडायचं नाही.

आंबेकोंड पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. गाव वरच्या अंगाला आणि ओढ्यापलीकडे, खालच्या अंगाला महारवाडा. आठ घरं. आठही घरांनी सहदेवाचं ऐकलं आणि चार दिवसांत गावाला ते कळलं. मुरारी पाटलानं ओढ्याच्या काठावर उभं राहून दवंडीसारखं सांगितलं, "अखातीपर्यंत, वैशाखातल्या तिजेपर्यंत मुदत. तोवर पायाशी आलात तर ठीक. नायतर वाण्याकडचं मीठमिरची बंद, शेतावरचं काम बंद, रानातलं लाकूड-गवत बंद, आनि गावातली वाट बंद. मग बघू किती दिस ताठ राहता."

पाटील गेला तशी सगळी रखमाच्या अंगणात जमली. शेजारची तुळसा तर रडकुंडीला आली. तिला तीन लहान पोरं. "मिठाबिगर पोरांना काय घालू गो? माती?"

 सहदेवानं ठिणगी टाकली होती खरी, पण मिठाचा विचार त्यानं केला नव्हता. तो रखमानं केला.

"पाटलानं मुदत दिली ना?" ती म्हणाली. "म्हनजे दीड म्हयना दिला. तो बंद करनार त्याच्या आधी आपनच सगळं घरात आनायचं. गाव पावसाची चार म्हयन्यांची आगोट, बेगमी भरतो. आपन दिवाळीपतुर भरू."

"कशाच्या जोरावर?" तुळसानं विचारलं.

"हाताच्या," रखमा म्हणाली.

त्या दिवशी तिनं घरातली एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. ही गावाकडून येते का? येत असेल तर तिच्याऐवजी काय? तेल वाण्याकडून येई, तर बायका करंजाच्या बिया वेचायला रानात गेल्या. बिया कुटून, उकळून वर आलेलं तेल मडक्यात धरलं, दिव्यापुरतं झालं. काड्यापेटी येई, तर ठरलं की आठांपैकी एका घराची चूल रात्रंदिवस विझू द्यायची नाही, आठवड्यानं पाळी बदलायची, आणि त्यासाठी लाकूड मुदतीआधीच आणून रचायचं. ओढा उन्हाळ्यात आटे आणि नदीपर्यंतची वाट गावातून जाई, तर फणसाखालचा बारीक झरा पुरुषांनी कुदळीनं मोकळा केला आणि खाली दगडांचं कुंड बांधलं. पहिल्यांदा त्यात पाणी साठलं, तेव्हा सहदेवाची म्हातारी आई ठकूबाई त्यात पाय सोडून बसली आणि कुणी उठवलं तरी उठेना.

मीठ मात्र रानात उगवत नव्हतं. रखमा, तुळसा आणि आणखी चौघीजणींनी शिकेकाईच्या शेंगा आणि हिरडे गोळा केले, भारे बांधले आणि गावाला वळसा घालून, डोंगराच्या सोंडेवरून महाड गाठलं. नासिरशेठनं भारे उतरवून घेतले आणि बदल्यात बंदरावर उतरलेलं जाडं मीठ दिलं. त्याची बायको सकिना आतून सुकटीची टोपली घेऊन आली.

"हे हिशोबात नाही," ती म्हणाली. "पावसात भाकरीबरोबर कोरड्यास होईल. आणि रखमाबाई, मीठ चुलीच्या वर टांगा. जमिनीवर ठेवाल तर पाघळेल."

अशा चार खेपा झाल्या. शेंगांच्या बदल्यातच नाचणी साठवली, वरी साठवली. घरचं जातं जुनं होतं, त्याचा खुंटा मोडला होता. सहदेवानं कोपऱ्यातली गावकीची काठी उचलली. ती घेऊन त्याच्या बापानं आणि आज्यानं गावाचे निरोप वाहिले होते. गुडघ्यावर आपटून ती मोडली आणि तिच्या तुकड्याचा खुंटा करून जात्यात ठोकला. ठकूबाई बघत होती.

"बापाची काठी," ती म्हणाली. मग खुंटा हलवून बघत म्हणाली, "चांगली मजबूत होती. दळन बरं होईल."

अखाती आली आणि गेली. कुणी पाटलाकडे गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वाण्यानं तुळसाला दुकानाच्या पायरीवरून हाकललं, आणि ती घरी येऊन म्हणाली, "बंद झालं." रखमा म्हणाली, "होऊ दे."

पाऊस लागला तसा खरा कस लागला. महारकीच्या वतनाचा उतारावरचा वरकस, हलक्या जमिनीचा तुकडा वर्षानुवर्षं पडीक होता. बैल मिळणार नव्हते, म्हणून सगळ्या वाड्यानं कुदळीनं तो खणला आणि नाचणी पेरली. गवत न मिळाल्यानं छपरं सागाच्या पानांनी शाकारली होती. आषाढातल्या एका वादळात रखमाच्या छपराचा अर्धा भाग उडाला, दोर सैल झाला आणि चुलीवर टांगलेली मिठाची मडकी न फुटता खाली टेकली. सकाळी तिनं बघितलं तर एका मडक्यात मीठच नव्हतं, नुसतं पाणी. ती त्याच्यासमोर बसली. दीड महिना शेंगा वेचून सोललेले हात तिच्या मांडीवर होते. पहिल्यांदाच तिला वाटलं की पाटील म्हणाला तेच खरं होणार.

ठकूबाईनं मडक्यात बोट घालून चाटलं. "खारट हाय," ती म्हणाली. "मंग नासलं कुठं? याच्यातच आंबील शिजव."

त्या दिवसापासून मिठाचं ते पाणी पळीनं मोजून आठ घरांत गेलं. एक थेंब सांडला नाही. तुळसा आपला वाटा घ्यायला आली तेव्हा रखमानं तिला थोडं जास्त दिलं. "तुजी पोरं वाढीची हाईत," ती म्हणाली, आणि तुळसा भांडं पदराखाली धरून गेली.

श्रावणात मुरारी पाटलाची म्हैस मेली. गोठा पाटलाच्या घराला लागून, घरात सणाची गडबड, आणि म्हैस तशीच पडलेली. पहिल्या दिवशी पाटलाचा गडी ओढ्यापर्यंत आला आणि हाक मारून गेला. कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः आला. नाकाला उपरणं लावलेलं. ज्या काठावरून त्यानं मुदत दिली होती, तिथंच उभा राहिला.

"सहद्या! ढोर न्या. चामडं तुमचं. वाण्याला सांगतो, मीठ देईल. वाटही उघडतो."

तुळसा दारात आली होती. तिच्या कडेवरचं पोर किरकिरत होतं. रखमाला वाटलं, आता ही हो म्हणणार. पण तुळसा उंबऱ्यावरच थांबली.

सहदेव पुढं झाला, पण बोलली रखमा.

"पाटील, आमी ढोरं ओढायची सोडली, हे तुमाला शिमग्यापासून ठाव हाय. वाट बंद केली, आमी दुसरी काढली. मीठ बंद केलं, आमी आनलं. आमी आमची बेगमी केली. तुमची तुमी करायला पायजे होती."

"बाई, पावसाळा अजून अर्धा बाकी हाय. नीट विचार कर."

"केला. म्हैस तुमची, दावं तुमचं, हात बी तुमाला हाईत."

तिच्या मागं ओढ्याकाठी सगळा वाडा येऊन उभा राहिला होता. तुळसासुद्धा. पाटील उपरणं नाकाशी घट्ट धरून परत गेला.

दुसऱ्या दिवशी पाटलाचे दोन मुलगे आणि दोन भाऊ तोंडाला फडकी बांधून म्हैस ओढताना दिसले. चिखलात दोनदा घसरले. वाड्यातलं कुणी हसलं नाही, पण कुणी घरातही गेलं नाही. सगळ्यांनी ती ओढाताण शेवटपर्यंत बघितली.

त्याचा राग गावानं काढलाच. भादव्यात कुणीतरी गुरं सोडली आणि उतारावरची निम्मी नाचणी एका दुपारी खाल्ली गेली. रखमा आणि सहदेव दगड मारत धावले, पण उशीर झाला होता. उरलेली निम्मी त्यांनी आळीपाळीनं राखली. दसऱ्याला ती कापली तेव्हा घरटी दोन-दोन पायल्या आली. फार नव्हती, पण ती कुणाच्या दारात उभं राहून मागितलेली नव्हती.

बहिष्कार उठला, असं कुणी येऊन सांगितलं नाही. भात कापायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा गावातली दोन घरं गुपचूप बोलवायला आली. रोजंदारी धान्यात, अंगणात मापून, एवढंच रखमानं सांगितलं आणि त्यांनी मानलं. पाटील मात्र पुन्हा कधी तिच्याशी बोलला नाही.

थंडी पडली आणि महाडला दुसरी मोठी सभा भरणार असल्याची बातमी आली. सहदेव धोतर धुऊन वाळत घालत होता.

"या खेपेला मी बी येनार," रखमा म्हणाली.

"घर?"

"आत्याबाय हाय की."

ठकूबाईनं जात्यावरून मान वर केली. "जा," ती म्हणाली. "चूल मी विझू देनार नाय. तुळसालाबी घेऊन जा, लई दिवस घरात बसलीय."