पुस्तकांची पेटी आणि धुरपदाबाईंचे पत्र

मित्रांनो, माझ्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक निळे अंतर्देशीय पत्र पाच वर्षे पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. ते ज्यांच्या नावे आले होते ते माझे मालक, मुरुमचे माणिकप्पा. स्वतः पुस्तक लिहिणारे, स्वतःच छापून घेणारे आणि स्वतःच विकणारे. पत्राला उत्तर न देणारा तो माणूस नव्हता, पण या एका पत्राला ते घाबरले होते. का घाबरले ते सांगायचे तर थोडे माझ्याविषयीही सांगावे लागेल. एका पेटीची कहाणी ऐकायला कोणी बसेल की नाही याची मला शंकाच आहे, म्हणून फार लांबवत नाही.

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. १९७६ साली मुरुमच्या बाजारात नागप्पा पेटीवाल्यांनी तेलाचे डबे उलगडून, ठोकून ठोकून मला घडवले. माणिकप्पा दुकानाशी येऊन बराच वेळ नुसतेच उभे राहिले होते. शेवटी नागप्पांनीच विचारले, "पेटी पाहिजे व्हय, अप्पा? लेकीच्या लग्नाला का?"

"न्हाय. पुस्तकं ठिवायला."

"कुणाची?"

"माझीच." चोरीचा माल असावा इतक्या हळू आवाजात माणिकप्पा म्हणाले.

नागप्पांनी त्यांच्या हातातले पुस्तक घेऊन उलटेपालटे केले आणि वीत लावून त्याचे माप घेतले. "लग्नाच्या पेट्या लई केल्या. पुस्तकाची ही पहिलीच." त्यांनी मला हिरवा रंग दिला आणि हाताच्या सवयीने झाकणावर कमळाची दोन फुले काढली. त्यामुळे मी जन्मभर थोडी नवरीसारखीच दिसत राहिले.

पुस्तकाचे नाव होते 'खडीवरची माणसं'. बहात्तरच्या दुष्काळात माणिकप्पा खडी फोडण्याच्या कामावर हजेरी कारकून होते. सकाळी नावे पुकारायची, हजेरीपटावर खुणा करायच्या, हे त्यांचे काम. त्याच बायामाणसांवर त्यांनी पुढे दोन वर्षे लिहिले आणि घरची म्हैस विकून ते छापले. त्यांच्या पत्नी कमलबाई त्याला 'म्हशीचं पुस्तक' म्हणत. पाहुणा आला की सांगत, "चहा कोराच हाय बरं का. दूध पुस्तकात गेलं."

मग आमचे काम सुरू झाले. सकाळी गठ्ठा सोडायचा, उलटी शिवलेली पाने शोधायची, सुटलेले पुठ्ठे खळीने चिकटवायचे, चाळीस प्रती माझ्यात रचायच्या आणि जुन्या ट्यूबने मला सायकलच्या कॅरेजवर आवळायचे. येणेगूर, दाळिंब, आलूर. ज्या दिवशी ज्या गावचा बाजार, त्या दिवशी त्या गावी आम्ही.

माणिकप्पांना ओरडून विकता येत नसे. शेजारच्या मिरचीवाल्या बाईचा आवाज वेशीपर्यंत जाई. हे मात्र माझे झाकण उघडत, मागे बसत आणि आपलेच पुस्तक गिऱ्हाइकासारखे वाचत राहत. लोक थांबत आणि माझ्यावर टिचकी मारत.

"पेटी केवढ्याला?"

"पेटी विकायची न्हाय."

"मग बसलाय कशाला?"

माणिकप्पा पुन्हा पुस्तकात डोके घालत. शेवटी मिरचीवालीच म्हणाली, "अप्पा, त्यात काय हाय ते वाचून तर दावा!" माणिकप्पांनी मान खाली घालून धुरपदाबाईंचे प्रकरण वाचायला घेतले. धुरपदाबाई म्हणजे खडीवरची सगळ्यात हसरी बाई, हातोडीच्या ठेक्यावर ओव्या म्हणणारी. एक दिवस ती कामावर येत नाही. तिच्या दगडापाशी हातोडी तेवढी पडलेली असते आणि ओवी कायमची थांबते. वाचन संपेपर्यंत आसपासचा बाजार जवळ सरकला होता. मिरचीवालीने डोळे पुसले. हाताला मिरची होती, त्यामुळे ती सगळ्यांपेक्षा जास्त रडली. त्या दिवशी मी रिकामी होऊन घरी आले.

तेव्हापासून प्रत्येक बाजारात लोक म्हणू लागले, "अप्पा, ती मेलेली बाई वाचा." माणिकप्पांचा आवाज हळूहळू उघडला. ते दुसरे पुस्तकही लिहू लागले. मी ऊन खाल्ले, धक्के खाल्ले, माझा एक कोपरा चेपला. पण मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती.

मग १९७९ साली ते निळे पत्र आले. धुरपदाबाईंनी कोणाकडून तरी लिहून घेतलेले. माणिकप्पांनी ते माझ्याजवळ बसून, एकेक शब्द पुटपुटत वाचले.

"मुक्काम ढोकी. माणिकप्पांना धुरपदाबाईचा जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, मी जिती हाय. तुमच्या पुस्तकात मी मेले आसं छापलंय म्हणं. दुष्काळात मी हिकडं ऊस तोडायला आले ती हितंच ऱ्हायले. माझ्या बहिणीनं बाजारात ते पुस्तक ऐकलं आन् एस्टीनं रडत आली. मी दारात भाकरी थापत होते. ती जेवूनच गेली. समदे हसतेत. पर मला एकच पुसायचंय, मला कशापायी मारलं? उत्तर देणे."

माणिकप्पांनी कपाटातला जुना हजेरीपट काढला. खडीवर आठ दिवस जो येत नसे त्याच्या नावावर तांबडी रेघ मारत. जो मरे त्याच्या नावावरही तीच रेघ. त्या महिन्यात हगवणीने दोन बाया खरोखरच दगावल्या होत्या. पुढे पुस्तक लिहिताना पटावर एकीखाली एक अशा तीन रेघा दिसल्या आणि त्यांनी तिघींनाही मेलेल्या धरले.

त्यांनी पत्र माझ्या तळाच्या कागदाखाली सारले आणि झाकण लावले. आमचे बाजाराला जाणे बंद झाले. दुसरे पुस्तक अर्ध्यावर राहिले. अधूनमधून ते कागद घेऊन बसत, मायना लिहीत आणि फाडून टाकत. एकदा स्वतःशीच म्हणाले, "ज्याला जितं माणूस कळत न्हाय, त्यानं लिहू न्हाय." माझ्यातली पुस्तके फळीवर गेली आणि कमलबाईंनी माझ्यात शेवया भरल्या. एक कोंबडी माझ्या कमळाच्या फुलांवर अंडी घालू लागली. शेवया वाईट नसतात, पण त्या कोणी मोठ्याने वाचत नाही.

पाच वर्षे अशी गेली. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी एका सकाळी कमलबाईंनी मला अंगणात पालथे केले. तळाचा कागद बदलायचा होता. निळे पत्र बाहेर पडले.

"आवो, ही कुणाची चिठ्ठी?"

माणिकप्पांचा चेहरा उतरला. कमलबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा माणिकप्पांना ते वाचून दाखवावेच लागले. वाचून संपले आणि कमलबाई हसू लागल्या. हसता हसता ओट्यावर बसल्या.

"म्हंजी ती बाई जिती हाय?"

"व्हय."

"आन् तुमी पाच वर्सं तोंड पाडून बसला?"

"अगं, म्या तिला मारलं. छापून मारलं."

"आन् तिनं काय केलं? भाकरी थापली! म्या त्या बाईपायी दोनदा रडले. ती जिती हाय हे मला तरी सांगायचं का न्हाय? बाजारोबाजार हिंडून समद्या मुलखाला रडवलं. आता हसवायला कोण जाणार?"

"तिला राग आला आसंल."

"आला तर येऊ द्या. राग जित्या माणसालाच येतो."

माणिकप्पांनी पत्र पुन्हा डोळ्यांजवळ धरले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या पत्रात फक्त आपली चूक वाचली होती. पहिल्याच ओळीतली आनंदाची बातमी त्यांनी वाचलीच नव्हती. मग त्यांनी मला सरळ केले, माझ्या झाकणावर कागद ठेवला आणि एका बैठकीत उत्तर लिहिले. निब माझ्या पत्र्यावर टकटकत होती, म्हणून मला शब्दन् शब्द कळला.

"धुरपदाबाई, जयभीम. कशापायी मारलं, असं तुम्ही विचारलं. कारण सांगायला लाज वाटते. तुमच्या नावावरची रेघ मीच ओढली होती. तुमची वस्ती ओढ्यापलीकडे, अर्ध्या मैलावर होती. तिकडे आमचे लोक जात नसत, मीही गेलो नाही. अर्धा मैल चालून विचारायचं सोडून मी तुमच्या मरणावर अकरा पानं लिहिली. तुम्ही आहात हे वाचून आज घरात फार हसू झालं. रागावला असाल तर रागानेच लिहा, पण लिहा. बोलावलंत तर मी ढोकीला येईन, आणि तुम्ही सांगाल ते लिहून घेईन."

त्यानंतर त्यांनी फळीवरची पुस्तके काढली. प्रत्येक प्रतीत, त्या प्रकरणाच्या शेवटी, हाताने लिहिलेली चिठ्ठी खळीने चिकटवली: 'धुरपदाबाई सुखरूप आहेत. चूक लेखकाची.' कमलबाई खळ ढवळत होत्या आणि वाकडी चिठ्ठी दिसली की टोमणा मारत होत्या. शेवया डब्यात गेल्या. पुस्तके माझ्यात आली.

मित्रांनो, आता माझ्या कडांना गंज आहे आणि कडी नीट बसत नाही. मोठा उपदेश करण्याइतकी माझी योग्यता नाही. एवढेच सांगते, की घरातल्या पेटीला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कडीला तेल द्या आणि तळाचा कागद उचलून पाहा. तिथे कोणाचे पत्र निघाले, तर कितीही उशीर झालेला असो, उत्तर लिहा.

उत्तर लिहिले त्याच दिवशी दुपारी माणिकप्पा सायकल हातात धरून टपालाकडे निघाले. मी कॅरेजवर होते, कमलबाई बरोबर चालत होत्या. माणिकप्पांनी पाकीट तांबड्या पेटीच्या तोंडात घातले, पण हात तसाच राहिला. बोटे पाकीट सोडेनात.

"सोडा आता," कमलबाई म्हणाल्या. "तिनं लई वाट बघितली."

त्यांनी पाकीट सोडले. ते आत पडल्याचा आवाज मी ऐकला.