अक्कम्माला पलीकडे जायचं होतं

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची होडी आहे. तुमच्या घरातल्या पातेल्याची आणि माझी जात एकच. फरक एवढाच, की पातेल्यात पाणी आत असलेलं बरं आणि माझ्या बाबतीत ते बाहेर राहिलेलं बरं.

सोलापूर जिल्ह्यात होडीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. खरं आहे. सांगोल्याकडे मला कोणी दारातही उभं केलं नसतं. पण आमच्याकडचं पाणी लहरी. वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाही, आणि येतं तेव्हा घरात शिरतं. अशाच एका पुरानंतर एका सरकारी कचेरीनं मला विकत घेतलं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रे वाकवून, रिवेट ठोकून मला घडवलं आणि तीन बाक बसवले. बाकांखाली बंद कप्पे होते, त्यांत पिवळा फोम ठासून भरला होता. तो कशासाठी, ते नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी त्यावरच अडली आहे. लाकडाची होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहते. मी धातूची. माझ्यात पाणी भरलं की मी सरळ तळ गाठणार. तेवढ्या वेळेपुरतं मला वर धरून ठेवायचं, हे त्या फोमचं काम.

पुढच्या पुरात मी खूप राबले. म्हाताऱ्यांना आणलं, बाळंतिणींना आणलं, शेळ्या आणल्या. एक आजोबा तर रेडिओ घेतल्याशिवाय छपरावरून उतरेनात, तो रेडिओही आणला. पाणी ओसरल्यावर मला हार घातला, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत माझ्यापेक्षा साहेबांचे बूटच जास्त दिसत होते, पण मला अभिमान वाटला.

नंतर पूर आला नाही आणि माझी आठवणही कुणाला आली नाही. कचेरीच्या मागे, मोडक्या जीपगाडीशेजारी मी उताणी पडून राहिले. पावसाचं पाणी साचलं, त्यात पाला कुजला. एका मांजरीनं माझ्यात दोनदा पिलं घातली, तेवढीच काय ती सोबत. बाकाची शिवण उकलली आणि आतला फोम गुपचूप पाणी पीत राहिला. शेवटी मला उचलायला माणसं आली तेव्हा मी त्यांना हलेचना. लिलावात निघाले आणि सोलापुरातल्या एका भंगारवाल्याकडे गेले. तिथे मला कापून, वितळवून टाकणार होते.

तिथे मला गुरुशांतनं पाहिलं. त्याचं दुधनीला पाण्याच्या मोटारींचं दुकान. त्या दिवशी तो नवी पेठेत आईसाठी इरकली लुगडं घ्यायला आला होता. हातात लुगडं आणि टेम्पोत मी, अशी त्याची खरेदी झाली. घरी पोचल्यावर त्याची बायको धनलक्ष्मी दारात येऊन म्हणाली, "लुगडं आणायला गेला होता न्हवं? हे कुटं नेसायचं?"

गुरुशांत हसला नाही. तो म्हणाला, "अव्वाला पलीकडं न्यायला आणलीय."

अव्वा म्हणजे त्याची आई, आणि पलीकडे म्हणजे धरणाच्या फुगवट्यापलीकडे. त्यांचं घर पाण्याच्या या काठाला आणि एक जुनं शेत समोरच्या उंचवट्यावर. गुरुशांतचे वडील गुरुसिद्धप्पा दुष्काळाच्या वर्षी गेले, तेव्हा सगळं पाणी आटलं होतं. माणसं कोरड्या तळातून चालत गेली आणि त्यांची समाधी शेतातच बांधली. पुढे पाणी आलं. उन्हाळ्यात वाट उघडी पडायची तेव्हा गुरुशांतची आई अक्कम्मा चालत जाऊन दिवा लावून यायची. पण गेली काही वर्षं पाणी उन्हाळ्यातही हटत नव्हतं आणि अक्कम्माचे गुडघेही धड राहिले नव्हते. रस्त्यानं लांबचा वळसा, आणि शेवटी चिखलाची पायवाट. मासेमारी करणाऱ्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर गुरुशांतनं आईला बसू देणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ती काठावर बसून समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघायची. त्या झाडाखाली समाधी होती.

मला परसातल्या शेडमध्ये उतरवलं. गुरुशांतचा शाळेपासूनचा दोस्त लालसाब कामाला आला. ट्रकच्या बॉड्या बांधणं हा त्याचा धंदा. त्यानं मला दगडांवर उचलून ठेवलं आणि आधी पाणी माझ्या आत ओतलं. खालून कुठे थेंब गळतो तिथे खडूनं खूण केली. मग ढिले रिवेट काढून नवे ठोकले, फटी भरल्या, पुन्हा पाणी ओतलं. या वेळी खालची माती कोरडी राहिली. मी इतकी हलकी, इतकी घट्ट, लग्नातल्या नवरीसारखी झाले होते.

बाक उघडले तेव्हा फोम निघाला तो भिजलेल्या पावासारखा. दाबला की काळं पाणी. गुरुशांत त्याच्याकडे बघतच राहिला. "हे असलं आत असतानी कोण बसलं असतं तर?" तो म्हणाला.

"आता न्हाई की ते," लालसाब म्हणाला. "आता काय बी भर. हवा बंद करायची, बस. हवा कंची बी चालती."

गुरुशांतला पोहता येत नव्हतं. त्यानं मोबाइलवर माझ्यासारख्याच एका होडीला क्षणात बुडताना पाहिलं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. "मला एकच आई हाय, लालसाब," तो म्हणाला. मला तेव्हा गुरुशांतचं कौतुकच वाटलं. कचेरीमागे इतकी वर्षं काढल्यावर कुणी आपली एवढी काळजी करतंय, हे कुणाला आवडणार नाही?

आणि मग सुरू झाली फोमची परीक्षा. पहिला आला थर्माकोल. गुरुशांतनं वाटीत त्याचा तुकडा ठेवून वर पेट्रोल टाकलं. तो पाण्यात पडलेल्या पापडासारखा मऊ होऊन विरघळला. पुढेमागे इंजिन बसवलं आणि पेट्रोल सांडलं तर? थर्माकोल बाद. मग आल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. उन्हात ठेवल्यावर त्या कडकड वाजायला लागल्या, एकीचं झाकण सुटलं. बाटल्या बाद. मग दोन डब्यांतून ओतायचा पातळ फोम आला. तो बादलीत ओतताच फुगून बाहेर आला आणि धनलक्ष्मीची बादली कायमची गेली. त्याचे तुकडे कापून, दुकानातल्या काट्यावर तोलून, दगड ठेवून टबात बुडवले. काही दिवसांनी काढून परत तोलले. वजन किंचित वाढलेलं. "पाणी पितोय," गुरुशांत म्हणाला, आणि तोही बाद झाला.

शेडच्या भिंतीला टब आणि घमेल्यांची रांग लागली. प्रत्येकात एक तुकडा, त्यावर दगड. लालसाब येऊन कमरेवर हात ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "अरे गुरू, ही होडी हाय का बाळंतीण?"

अक्कम्मा रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची. माझ्या पत्र्याला पाठ टेकायची आणि मांडीवर सूप घेऊन शेंगा निवडायची. नवऱ्याला तिच्या हातची शेंगाची चटणी फार आवडायची, हे मला तिनंच सांगितलं. मला म्हणजे स्वतःशीच म्हणत असेल, पण ऐकायला मीच होते. नातीचं, महेश्वरीचं, लग्न ठरलं होतं. ते नवऱ्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. "दुसऱ्यानं सांगितलं तर त्याला खरं वाटायचं न्हाई," ती म्हणायची.

गुरुशांत दुकानातून आला की ती विचारायची, "यावाग?" यावाग म्हणजे कानडीत कधी. घरात ते असंच मिसळून बोलायचे.

"श्रावणात नेतो, अव्वा."

श्रावणी सोमवार आले आणि गेले. पुण्याहून मागवलेला फोम भलत्याच जातीचा आला, परत पाठवावा लागला. मग दसरा म्हणाला. मग दिवाळीचा पाडवा म्हणाला.

"तुजा बाप मला बघायला आलता," अक्कम्मा एकदा म्हणाली, "चहा गार व्हायच्या आत व्हय म्हणून मोकळा झाला. तू कुनावर गेलास?"

"अव्वा, तुझ्या जिवाचा प्रश्न हाय."

"माझ्या पाठीला दोन भोपळं बांध आन् बसव. लहानपनी तसंच शिकले की पोहायला, हिरीत."

"थट्टा करू नगंस."

"मी कुटं करतेय थट्टा?" ती म्हणाली. गुरुशांतनं ते ऐकलं नाही. तो टबातला तुकडा काढून पुसत होता. मी ऐकलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, की अरे बाबा, वारा नाही, पाणी शांत आहे, समोरचा काठ दिसतो आहे, दोर सोड आणि ने तिला. पण होडीला बोलता येत नाही. तिला फक्त नेता येतं, आणि तेही कुणी नेलं तर.

शेवटी येळवस ठरली. आमच्या भागात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरंच्या घरं शेतात जाऊन जेवतात. उभ्या पिकात कडब्याची कोप म्हणजे खोपटी करतात, पालेभाजी-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली गाडगंभर आंबील. "येळवस तिकडंच करू," गुरुशांतनं शब्द दिला. पुण्याचा नवा फोम निघाला होता, हा सगळ्या परीक्षांत पास होणारा होता. अक्कम्मानं नवं इरकल काढून ठेवलं. चटणी कुटली. आंबिलीचं गाडगं घासून उन्हात पालथं घातलं.

येळवस चार दिवसांवर आली असताना तिला थंडी भरली. साधा ताप, असंच सगळे म्हणाले. सकाळी धनलक्ष्मी चहा घेऊन गेली, तर अक्कम्मा भिंतीला टेकून बसली होती आणि उठली नाही.

मित्रांनो, त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून बसवतात, बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. अक्कम्मानं केव्हाच सांगून ठेवलं होतं, की मला त्याच्या शेजारी ठेवा. भाऊबंद म्हणाले, अलीकडेच ठेवू, एवढ्या पाण्यातून कसं नेणार? गुरुशांत शेडमध्ये आला आणि माझ्या उघड्या, रिकाम्या कप्प्यांकडे बघत उभा राहिला. फोम अजून वाटेत होता.

लालसाब मागे येऊन उभा राहिला. तेवढ्यात धनलक्ष्मी आली. तिच्या हातात गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन होता. तेल पातेल्यात ओतून तिनं तो रिकामा केला होता. झाकण घट्ट आवळून तिनं तो बाकाखाली सरकवला. "बसतोय की," ती म्हणाली.

मग शेजारची ईरम्मा आपला कॅन घेऊन आली. मग पलीकडच्या गल्लीतून बायका आल्या. कुणाचा तेलाचा, कुणाचा औषधफवारणीचा धुतलेला, कुणाचा रॉकेलच्या काळातला. लालसाब एकेक ठासत गेला, सुतळीनं आवळत गेला. चुलीवर भात शिजतो तेवढ्या वेळात माझे तिन्ही कप्पे भरले. कुणी काही तोललं नाही. गुरुशांत ते बघत होता, आणि त्याचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. जे काम त्यानं श्रावणापासून पुढे ढकललं होतं, ते एवढंसं होतं.

मला पाण्यात सोडलं. अक्कम्माला मधल्या बाकावर बसवलं, नव्या इरकलात, गळ्यात फुलांचे हार. लालसाब वल्ही मारायला बसला. ती कलंडू नये म्हणून गुरुशांत मागे बसून तिला दोन्ही हातांनी धरून होता. पाण्याला भिणारा हा माणूस, त्यानं एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही. मध्यावर थोडा वारा सुटला, चार शिंतोडे आत आले, बस. एक थेंबही मी तळातून आत येऊ दिला नाही. मी इतकी नीट, इतकी सरळ आयुष्यात कधी चालले नव्हते.

लिंबाचं झाड जवळ आलं तेव्हा गुरुशांत तिच्या कानाशी वाकला. "अव्वा, आलं बघ," तो म्हणाला. "आलं बघ की."

आठवडाभरानं पुण्याचा फोम आला. तो त्यानं भरला, बाक बंद केले, मला निळा रंग दिला. आता माझ्यात कितीही पाणी भरलं तरी मी बुडणार नाही. गुरुशांत सोमवारी एकटाच वल्ही मारत पलीकडे जातो, दोन दिवे लावतो आणि येतो. महेश्वरीचं लग्न झाल्याचं त्यानंच जाऊन सांगितलं.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना 'आम्हाला जपा' अशी विनवणी करतात. माझ्याच्यानं ते म्हणवत नाही. मला कुणी जपलं नाही तेव्हा मी कचेरीमागे पडून होते, त्याचं दुःख आहेच. पण मला सगळ्यांत जास्त जपलं, त्या काळाचं दुःख त्याहून मोठं आहे. मित्रांनो, दुरुस्ती करा, जरूर करा. पण ज्याच्यासाठी करता आहात ते माणूस दारात तयार होऊन बसलं असेल, तर हातातलं काम तसंच ठेवा आणि त्याला घेऊन निघा. मी अक्कम्माला पलीकडे नेलं. ती पलीकडे पोचली, हे तिला कळलं नाही.