हिरव्या रंगातली काळी टाचणी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. आणि मत्सरी आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म इस्तंबूलच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा सुलतानाचे राज्य होते आणि त्याचा मुलूख माझ्यावर हिरव्या रंगात छापला होता. पुढे लढाया झाल्या, मुलूख गेला, सुलतानही गेला. माझा हिरवा रंग मात्र तसाच राहिला. रेफिक उस्तादांनी मला आपल्या कॉफीखान्यात रस्त्यावरच्या खिडकीसमोर टांगले.

दुसरे महायुद्ध पेटले आणि माझे दिवस पालटले. आमचा देश लढाईत नव्हता, पण लढाई जवळ येत होती. उस्ताद वर्तमानपत्र वाचून माझ्यावर टाचण्या टोचत. जर्मनांची काळी, इंग्रजांची लाल. दोन देशांत करार झाला की त्यांच्या राजधान्यांमध्ये लोकरीचा धागा बांधत. पोलंड पडला, पॅरिस पडले, आणि खरी कॉफी मिळेना म्हणून गिऱ्हाइके भाजलेल्या हरभऱ्याची कॉफी पीत माझ्यासमोर उभी राहत. टोचून घ्यायला दुखे, पण मान मिळे.

मग रेडिओ आला. उस्तादांनी त्याला फळीवर बसवून वर भरतकामाचा रुमाल घातला. मला इतक्या वर्षांत कुणी साधे फडकेही मारले नव्हते! लोक माझ्याकडे पाठ करून बसू लागले. तहसीन न्हावी तर म्हणाला, "उस्ताद, काढा की तो कागद. भिंत तरी मोकळी होईल." माझा जळफळाट झाला. त्या डबड्याच्या पोटात झुरळे शिरावीत, असे मला रोज वाटे.

माझ्याकडे बघणारे एकच माणूस उरले. उस्तादांची बायको, नेरिमान हानम, म्हणजे नेरिमानबाई. कॉफीखाना पुरुषांचा, तिथे बाई पाऊल ठेवत नसे. ती येता-जाता काचेतून मला बघे. तिचा मुलगा फेरित सरहद्दीवर शिपाई होता. "हिरवा रंग आपला," उस्तादांनी तिला सांगून ठेवले होते. "काळी टाचणी हिरव्यात शिरत नाही तोवर घोर लावून घेऊ नकोस." काचेपलीकडे रेडिओ ऐकू जात नसे. ती फक्त माझी होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी रेडिओने सांगितले, की जर्मन सैन्य ग्रीसमधल्या सेलानिक शहरात शिरले. सेलानिक हे उस्तादांचे जन्मगाव. ग्रीकांनी ते शहर घेतले, तेव्हा लहानपणी आईचा हात धरून ते तिथून पळून आले होते. ते उठले आणि काळी टाचणी सेलानिकवर टोचली. माझ्यावर सेलानिक अजून हिरवेच होते.

बाहेर नेरिमान हानम थबकली. खोटे कशाला बोलू, तिचा पांढराफटक चेहरा बघून मला आनंद झाला. रेडिओला सोडून कुणीतरी माझे ऐकले होते!

दार धाडकन उघडले. हातातली पालेभाजी सांडत ती आत आली. सगळे पुरुष उभे राहिले.

"आले ना ते? माझ्या फेरितवर आले ना? मला आत्ताच्या आत्ता गाडीत बसवून द्या!"

"अगं, ते सेलानिक आहे," उस्ताद म्हणाले. "ते आता आपलं नाही."

"मग हिरवं कसं?"

तहसीन पुटपुटला, "वहिनी, नकाशा जुना आहे हो."

"मला वाचता येतं का त्यावरचं? हिरवं ते आपलं, असं यांनीच सांगितलं. तुम्हाला ते हिरवं पुसवत नव्हतं, तर निदान मला सांगायचं तरी!"

तहसीनने खुर्ची पुढे केली आणि उस्तादांनी रेडिओचा आवाज वाढवला. आमची सरहद्द शांत आहे, तो सांगत होता. ते ऐकून तिने डोळे पुसले. माझ्यामुळे घाबरलेल्या बाईला माझ्या वैऱ्याने धीर दिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

उस्तादांनी पेन्सिल घेतली. आजची सरहद्द आखली आणि तिच्यापलीकडचे हिरवे खरडून काळे करू लागले. सेलानिकपाशी त्यांचा हात थांबला, पुढे जाईना. नेरिमान हानम उठली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ते गाव काळे केले.

फेरित पुढे सुखरूप घरी आला. रेडिओचा मला आजही हेवा वाटतो, स्वभाव जात नाही. पण मित्रांनो, एवढे करा. जुना नकाशा फाडू नका, मात्र त्याच्या कोपऱ्यात त्याचे वय मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवा. कुणाची तरी आई त्याच्याकडे बघून रोजचा घास गिळत असते.